सूर्यावरचे डाग आणि सोसायटीची गच्ची

मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या दाट वसाहतीत राहणाऱ्या हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, सूर्याकडे बघावं की सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, हा प्रश्न वरवर थट्टेचा वाटतो. पण लघुलहरींवर लांबचं स्टेशन का ऐकू येत नाही याची कारणं शोधायला बसलं, की हौशी रेडिओवाल्यांत खरोखरच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं की सगळं वर ठरतं. सूर्यावर डाग वाढले की बँड उघडतात, कमी झाले की मिटतात. दुसऱ्या तटाला हे पंचांग बघून प्रवासाला निघण्यासारखं वाटतं. त्याच्या मते सगळं खाली ठरतं, म्हणजे गच्चीवर आणि आजूबाजूच्या घरांतल्या विजेच्या उपकरणांत. पुढचा संवाद या दोन पक्षांमधला आहे. बोलणारे कुणी विशिष्ट शेजारी नव्हेत. गच्चीपक्षाला वयस्कर आवाज दिला आहे आणि सूर्यपक्षाला तरुण, इतकंच. अधूनमधून मीही बोलेन. तटस्थ असल्याचं सोंग मात्र करणार नाही. माझा कौल सूर्यपक्षाला आहे, पण हा पक्ष एरवी जी कारणं पुढे करतो त्यांतली निम्मी मला पटत नाहीत.

गच्चीपक्ष : "अरे बाबा, तुम्ही मुलं सकाळी उठून मोबाइलवर सोलर फ्लक्स किती, के-इंडेक्स किती ते बघता आणि मग रिग चालू करायची की नाही ते ठरवता. आपल्याकडे सूर्य आडवा येत नाही, इमारत आडवी येते. एका मजल्यावर चार घरं धर. प्रत्येकात एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, राउटरचा अडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर. खाली सीसीटीव्हीचा पॉवर सप्लाय, वर लिफ्टचा ड्राइव्ह. यातलं प्रत्येक यंत्र वीज हजारो वेळा चालू-बंद करून काम भागवतं आणि त्याचा कचरा लघुलहरींवर सांडतं. सात मेगाहर्ट्झवर कुणी बोलत नसतानाही एस-मीटर सात-आठवर अडकून बसतो. लांबच्या माणसाचा आवाज त्याखाली गाडला गेला, की सूर्याने कितीही कृपा केली तरी तो तुला ऐकू यायचा नाही. आणि अँटेना? चाळीस मीटर बँडचा साधा डायपोल वीस मीटर लांब, ऐंशी मीटरचा चाळीस मीटर. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिश आणि वाळत घातलेल्या पापडांमधून एवढी तार ताणायला कमिटी देईल का? सरकारच्या डब्ल्यूपीसीकडून परवाना मिळतो रे, कमिटीकडून मिळत नाही."

ही तक्रार थापा म्हणून उडवून लावण्याजोगी नाही. मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट मोजून त्याचे आलेख आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने फार पूर्वीच प्रसिद्ध केले आहेत, आणि शहरी गोंगाट खेड्यातल्यापेक्षा किती जास्त असतो ते त्यांत स्पष्ट दिसतं. पण त्याच आलेखांत गच्चीपक्षाच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट आहे. हा गोंगाट सगळ्या फ्रिक्वेन्सींवर सारखा नसतो. फ्रिक्वेन्सी दहापट झाली की तो सुमारे २८ डेसिबलने उतरतो. सात मेगाहर्ट्झवरून अठ्ठावीसवर गेलं, तर उतार भरतो जवळपास १७ डेसिबलचा, म्हणजे गोंगाटाची शक्ती पन्नासपटीच्या आसपास घटते. हा आकडा लक्षात ठेवायचा, कारण पुढचा सगळा वाद त्याच्यावर उभा आहे.

सूर्यपक्ष : "काका, तुमची सगळी उदाहरणं सात मेगाहर्ट्झची आहेत. तिथे तुम्ही जिंकलात, मी मान्य करतो. पण मला अठ्ठावीसवर जाऊ द्या. तिथला डायपोल पाच मीटरचा. तो बाल्कनीच्या कठड्याला तिरका बांधता येतो, गच्चीवर एका काठीवर उभा करता येतो, कमिटीला तो टीव्हीच्या जुन्या अँटेनाइतकाच दिसेल. दिवसा आयनांबराचा खालचा डी थर लहरी शोषून घेतो. ते शोषणही ढोबळमानाने फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे सातच्या मानाने अठ्ठावीसवर डेसिबलमध्ये सोळावा हिस्सा. आणि गोंगाटाचा उतार तर वेगळाच. म्हणजे जागा नसलेल्या, आवाजाने वेढलेल्या माणसासाठी वरचे बँड हाच मार्ग. आता सांगा, हे वरचे बँड उघडतो कोण?"

गच्चीपक्ष : "हिशेब अर्धाच मांडलास. अँटेनांचा गेन सारखा धरला तर फ्रिक्वेन्सी चौपट झाल्यावर हातात येणारा सिग्नलही बारा डेसिबलने कमी होतो. तुझ्या सतरातून बारा वजा कर. उरले पाच."

आक्षेप बिनतोड आहे, आणि सूर्यपक्षाची मंडळी तो सहसा विसरतात. तरीही पाच डेसिबल उरतात हे एक, आणि दुसरं म्हणजे "गेन सारखा धरला तर" ही अटच पूनम सागरच्या गच्चीवर टिकत नाही. सात मेगाहर्ट्झची लहर सुमारे चाळीस मीटरची. तिच्यासाठी बाल्कनीत पाच मीटरची तार लावली तर ती लहरीचा आठवा हिस्सा होते. अशा आखूड तारेचा प्रारण-रोध इतका कमी असतो की रिगमधून निघालेल्या वॅटांचा मोठा वाटा लोडिंग कॉइल तापवण्यात आणि गच्चीच्या लोखंडी सळयांत जिरतो. तीच पाच मीटरची तार अठ्ठावीसवर पूर्ण लांबीचा डायपोल असते. शिवाय गच्चीची उंची अठ्ठावीसच्या दहा-अकरा मीटरच्या लहरीच्या मानाने भरपूर ठरते आणि सिग्नल क्षितिजाजवळच्या कोनात निघतो; लांब पल्ल्याला तोच कोन लागतो. म्हणजे शेताच्या बांधावर ऐंशी मीटरचा डायपोल ताणणाऱ्या हॅमला सूर्याची गरज बेताचीच असते. डाग नसले तरी रात्री साडेतीन किंवा सात मेगाहर्ट्झवर त्याचं भागतं. फ्लॅटमधल्या हॅमकडे हा पर्याय नसतो. त्याला परवडणारे बँड नेमके तेच, जे सूर्यावर सर्वाधिक अवलंबून आहेत. जागा जितकी कमी, तितकं सूर्यावरचं अवलंबन जास्त. मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि गच्चीपक्षाचा पुरावाच त्याला आधार देतो.

अवलंबन आहे म्हणजे नेमकं काय, तेही पाहायला हवं. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी वातावरणाच्या वरच्या भागातले रेणू-अणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे होतात. अडीचशे-चारशे किलोमीटर उंचीवरच्या एफ थरात त्यांची दाटी पुरेशी असेल तर लघुलहरी वळून पृथ्वीकडे परततात, नाहीतर आरपार अवकाशात निघून जातात. सरळ वर सोडलेली ज्या फ्रिक्वेन्सीपर्यंतची लहर परत येते ती त्या थराची क्रांतिक फ्रिक्वेन्सी. तिरप्या, लांबच्या पल्ल्याला तिच्या सुमारे तिप्पट फ्रिक्वेन्सी चालते. अठ्ठावीस मेगाहर्ट्झ वळवायचे तर क्रांतिक फ्रिक्वेन्सी नऊ मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा वर हवी. सूर्य सक्रिय असला की अतिनील किरणांचा मारा वाढतो, दाटी वाढते. त्याचा अंदाज घ्यायला कॅनडातल्या पेंटिक्टन इथे रोज १०.७ सेंटिमीटर लहरीवर सूर्याचा रेडिओ-झोत मोजतात. हाच सोलर फ्लक्स. किमान काळात तो सत्तरच्या आसपास असतो, कमाल काळात दोनशेच्या वर जातो. मात्र एखाद्या दिवशी फ्लक्स तीस अंकांनी उसळला म्हणून त्याच दुपारी बँड उसळत नाही. थर बरेच दिवस चाललेल्या माऱ्याला उत्तर देतो. रोजच्या आकड्यावर नाचणाऱ्यांची काका चेष्टा करतात ती त्यापुरती रास्त आहे.

गच्चीपक्ष : "चेष्टा नाही, पुरावा मागतोय. सूर्यामुळे बँड उघडला की तुझ्या नव्या अँटेनामुळे, हे ओळखायचं कसं?"

सूर्यपक्ष : "ज्यात फक्त सूर्य बदलला आणि इमारत बदलली नाही अशी दोन वर्षं घ्या. पंचविसावं सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, म्हणजे ते वर्ष तळाचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये डागांची गुळगुळीत केलेली मासिक सरासरी १६० च्या पुढे गेली. या पाच वर्षांत आपल्या भागातले एलईडी आणि चार्जर कमी झाले का? उलट वाढलेच. गोंगाट हेच खरं कारण असतं तर २०२४ मध्ये अठ्ठावीस मेगाहर्ट्झ २०१९ पेक्षा वाईट असायला हवा होता. झालं उलटं. २०१९ मध्ये युरोपच्या वाटेने जवळजवळ मुका असलेला बँड २०२४ च्या शरदात दिवसभर गजबजलेला होता. आणि अँटेनाचा संशय फेडायला बीकन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सिग्नल सोडणारी स्टेशनं, आहेत. १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर जगभरचे अठरा बीकन दर तीन मिनिटांच्या फेरीत आळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात. श्रीलंका, जपान, केनिया, फिनलंड असे. त्यांतले सगळे कायम चालू असतातच असं नाही, पण जे असतात ते आधी शंभर वॅटने, मग दहा, एक आणि शेवटी दशांश वॅटने डॅश पाठवतात. किती डॅश ऐकू आले ते लिहून ठेवा. तुमच्याच तारेवर तेच बीकन वर्षभर मोजलेत की सूर्याचा वाटा किती आणि गच्चीचा किती ते दिसेल."

या तुलनेत मला सूर्यपक्षाची बाजू सगळ्यात मजबूत वाटते. एक भर मात्र घालावी लागेल. सूर्यपक्षाला भाकितांचा फार भरवसा असतो, आणि या चक्राने तो भरवसा चांगलाच हलवला. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१९ मध्ये जुलै २०२५ च्या सुमाराला ११५ चा शिखरांक वर्तवला होता. प्रत्यक्षात शिखर लवकर आलं आणि बरंच उंच आलं. सूर्याचा परिणाम निश्चित आहे म्हणून सूर्याचा अंदाजही निश्चित आहे, असं होत नाही.

गच्चीपक्ष : "बरं, हे मानलं. पण आता एफटीएट आलंय. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ मध्ये आणलेली ही पद्धत गोंगाटाच्या वीस डेसिबल खाली गेलेला सिग्नलसुद्धा उकलते. संगणक ऐकतो, संगणक बोलतो. मग डाग असले काय आणि नसले काय?"

सूर्यपक्ष : "गोंगाटात बुडालेला सिग्नल ते वर काढतं, अवकाशात निसटलेला नाही. थराची दाटी कमी पडली तर लहर परतच येत नाही. शून्याला वीस डेसिबलची सवलत दिली तरी शून्यच. एफटीएट गच्चीपक्षाचा रोग बरा करतं, सूर्यपक्षाचा नाही."

एफटीएटमुळे, पूर्वी कुणाच्या कानावर न येणारे दहा-पंधरा मिनिटांचे क्षीण मार्ग नोंदले जाऊ लागले, हेही खरं. त्यामुळे सूर्याचं महत्त्व उलट जास्त बारकाईने दिसू लागलं.

गच्चीपक्षाचा पुढचा आक्षेप अधिक जड आहे, आणि त्याचं उत्तर देताना सूर्यपक्षाची मंडळी बहुधा परदेशी पुस्तकांतलं उत्तर देतात.

गच्चीपक्ष : "सक्रिय सूर्य म्हणजे सौरज्वाला आणि चुंबकीय वादळंही. मे २०२४ मध्ये वादळाने जगभर लघुलहरींचे हाल झाले. एका हाताने देतो, दुसऱ्या हाताने काढून घेतो, तो कसला उपकार?"

सूर्यपक्ष : "देण्याघेण्याचं वेळापत्रक आपल्या घड्याळाने तपासा, काका. ज्वालेच्या क्ष-किरणांनी डी थर दाटतो आणि लघुलहरी गिळल्या जातात, पण फक्त पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला. १४ मे २०२४ ची एक्स ८.७ ची ज्वाला भारतीय वेळेने रात्री दहा वाजून एकवीस मिनिटांनी शिखरावर होती. तेव्हा आपल्या डोक्यावर डी थरच नव्हता. ३ ऑक्टोबर २०२४ ची एक्स ९ ची ज्वाला आपल्याकडे सायंकाळी पावणेसहाच्या पुढे, सूर्य मावळतीला आला तेव्हाची. दोन्ही वेळा जास्त फटका दुसऱ्यांना बसला. दुपारी साडेबाराला झाली असती तर आपल्याला बसला असता, पण तेही अर्धा-एक तास, आणि सावरताना वरचे बँड आधी सावरतात."

इथे एक दुरुस्ती हवी. रात्रीच्या ज्वालेने मुंबईच्या आकाशाला धक्का लागला नाही तरी मुंबईहून अमेरिकेला जाणारी लहर तिकडच्या दुपारीत शिरतेच, आणि तिथे मरते. लांबच्या संपर्कात निम्मी वाट आपल्या आकाशाची असते, उरलेली परक्या आकाशाची. वादळांचं उत्तरही यातच दडलं आहे, आणि ते आपल्या भागाचं खास आहे.

हॅम मंडळी रोज जो के-इंडेक्स, म्हणजे चुंबकीय खळबळीचा केपी आकडा, बघतात तो तेरा चुंबकीय वेधशाळांच्या नोंदींवरून काढतात. त्या सगळ्या साधारण ४४ ते ६० अंश भूचुंबकीय अक्षांशांच्या पट्ट्यांत आहेत; भारतातली एकही नाही. केपी सहा म्हणजे बँड खलास, हा नियम युरोप-अमेरिकेच्या अनुभवावर बेतलेला. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या परिसरातून जातं. दिवसा तिथला पूर्वेकडे जाणारा विद्युतक्षेत्राचा रेटा आयनद्रव्य वर उचलतो आणि ते चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेला ओघळून दोन दाट पट्टे तयार करतं. उत्तरेकडच्या पट्ट्याचा माथा अहमदाबाद-भोपाळच्या सुमाराला, आणि आपण त्याच्या दक्षिण उतारावर. म्हणून मीरा रोडवरच्या एफ थराची दाटी लंडनवर त्याच स्थानिक वेळी असते त्यापेक्षा बरीच जास्त असते. वादळात उच्च अक्षांशांवर हवेच्या रचनेत बदल होऊन दाटी घटते आणि युरोपच्या वाटा बंद पडतात. आपल्या पट्ट्यात विद्युतक्षेत्रं उलटसुलट होऊन दाटी कधी घटते, कधी काही तास वाढतेसुद्धा. त्या रात्री दक्षिणेकडे, मॉरिशस किंवा आफ्रिकेकडे, कान लावणारा हॅम केपी बघून रिग बंद करणाऱ्यापेक्षा शहाणा. अर्थात आपल्याकडे सूर्य जी वेगळी किंमत वसूल करतो ती केपीत दिसतच नाही. मावळतीनंतर एफ थर झपाट्याने वर उचलला जातो, त्यात विरळ आयनद्रव्याचे बुडबुडे उठतात आणि सिग्नल फडफडू लागतो. सक्रिय वर्षांत आणि मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबर या विषुवाच्या महिन्यांत ही फडफड जास्त. म्हणजे बँड सर्वांत उत्तम तेव्हाच संध्याकाळ सर्वांत बेभरवशाची.

आकाशाच्या या स्थानिक बाजूकडे दुर्लक्ष व्हावं याचं नवल वाटतं, कारण तिचे जुने पुरावे मुंबईतच नोंदले गेले. १ सप्टेंबर १८५९ ला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने पाहिलेल्या ज्वालेनंतरच्या वादळात कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याची नोंद आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना आणि अॅलेक्स यांच्या सहभागाने २००३ मध्ये तिचा नव्याने अभ्यास झाला. मे २०२४ च्या वादळात चुंबकीय क्षेत्राच्या जागतिक निर्देशांकाची घसरण चारशे नॅनोटेस्लांच्या आसपास होती. विजेच्या ट्राममुळे नोंदी बिघडतील म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. विजेच्या गोंगाटापासून पळणं मुंबईत आजचं नाही, हे गच्चीपक्षाला ऐकून बरं वाटेल.

गच्चीपक्ष : "ते सगळं लांब पल्ल्याचं झालं. पण हॅमचं काम फक्त फिनलंडशी गप्पा मारणं नाही. १९९३ मध्ये किल्लारीला भूकंप झाला, २००१ मध्ये भुजला. दोन्हीकडे हॅम धावले. किल्लारी इथून चारेकशे किलोमीटर, भुज साडेपाचशे. तुझं अठ्ठावीस मेगाहर्ट्झ त्यांच्या डोक्यावरून उडी मारून जाईल. तिथे सातच लागतात, आणि सात तू मघाशीच मला देऊन टाकलेस."

इथे सूर्यपक्षाने वाद लांबवू नये असं मला वाटतं. जवळच्या पल्ल्याच्या आपत्ती-संपर्काला सात मेगाहर्ट्झच, आणि तिथे गच्चीपक्षाचं म्हणणं वरचढ: शांत जागा आणि पुरेशी तार नसेल तर काही खरं नाही. फक्त इतकं की तिथेही सूर्य पूर्ण बाहेर जात नाही. चारशे किलोमीटरवर पडणारी लहर जवळजवळ उभ्या कोनात जाते, त्यामुळे तिप्पटीची सवलत मिळत नाही. क्रांतिक फ्रिक्वेन्सी सहाच्या आसपास हवीच. सौर-किमान काळात पहाटेच्या आधी ती त्याखाली उतरते. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमाराला झाला, भुजचा सकाळी पावणेनऊला, आणि भुजच्या वेळी तेविसावं चक्र शिखराजवळ होतं. पहाटेचा भूकंप सौर-किमान वर्षात झाला तर सातवरून साडेतीनवर उतरावं लागेल, आणि त्याचा चाळीस मीटरचा डायपोल पूनम सागरमध्ये कुठे ताणायचा याचं उत्तर दोन्ही पक्षांकडे नाही. अशा स्टेशनाला वसाहतीबाहेरची सामायिक जागाच हवी.

सूर्यपक्ष : "मग निदान अठ्ठावीसचं ठरवू. चक्र आता उतरणीला लागलंय. पुढचा तळ २०३० च्या आसपास यायचा. उतरणीत मोठ्या ज्वाला येत नाहीत असं नाही. तेविसाव्या चक्राचं शिखर २००१ ला आणि त्याची गाजलेली वादळं ऑक्टोबर २००३ ला. पण विषुवाच्या महिन्यांतला अठ्ठावीस दर वर्षी थोडा थोडा आखूड होत जाणार. तळाशीही आपल्या आकाशामुळे दक्षिणेच्या वाटा अधूनमधून मिळतील, युरोपच्या मिळणार नाहीत."

गच्चीपक्ष : "म्हणजे काठीचा अर्ज आत्ताच द्यायचा, आणि तळ येईपर्यंत कुठल्या घरातला कुठला चार्जर ओरडतो ते पोर्टेबल रेडिओ घेऊन शोधत फिरायचं."

सूर्यपक्ष : "हो. आणि अर्जात लांबी लिहा, पाच मीटर. बँडचं नाव दहा मीटर आहे ते लिहू नका, नाहीतर कमिटी काठी दहा मीटरची समजेल."